स्टम्पजम्पर की हायटॉवर?

कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराच्या दक्षिणेला मॉर्गन हिल नावाचे छोटे शहर आहे. तेथून सांताक्रूझ पर्वतरांग ओलांडली की पॅसिफिक महासागराच्या काठावर सांताक्रूझ शहर लागते. मोटारीने सुमारे तासाभराचे अंतर. डोंगरात चालवायच्या सायकलींच्या जगात ही दोन गावे म्हणजे दोन घराणीच आहेत. मॉर्गन हिलला 'स्पेशलाइज्ड' या कंपनीचे मुख्यालय आहे, तर सांताक्रूझला त्याच नावाची 'सांताक्रूझ बायसिकल्स' ही कंपनी. पहिलीची 'स्टम्पजम्पर' आणि दुसरीची 'हायटॉवर' या दोन सायकली एकाच प्रकारच्या वापरासाठी, जवळजवळ एकाच किमतीत आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी तयार होतात. साहजिकच त्या दोघींतून एक निवडायची वेळ आली की भल्याभल्यांची पंचाईत होते. सिलिकॉन व्हॅलीत स्थिरावलेल्या आणि शनिवार-रविवारी याच डोंगरांकडे वळणाऱ्या मराठी मंडळींनाही हा प्रश्न अपरिचित नाही.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. या सायकलींच्या कार्बन आवृत्त्यांची किंमत साधारण पाच-सहा हजार डॉलरपासून सुरू होऊन दहा हजार डॉलरच्या आसपास आणि त्याही पुढे जाते. दहा हजार डॉलर म्हणजे २०२४ च्या विनिमयदराने सुमारे सव्वाआठ-साडेआठ लाख रुपये. एवढ्या पैशांत भारतात एक नवी मोटार दारात उभी राहते. त्यातच ही सायकल दगडधोंड्यांच्या उतारावरून ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने खाली आणायची असते. निवड चुकली तर पैसे तर वाया जातातच, शिवाय मनगटे, खांदे आणि आत्मविश्वास यांनाही त्याची किंमत मोजावी लागते. म्हणूनच दुकानातील चकाकी बाजूला ठेवून या यंत्रांचे मूळ तत्त्व समजून घेणे आवश्यक ठरते.

डोंगरातली जन्मकथा

माउंटन बाइकचा जन्मही कॅलिफोर्नियातलाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून उतारावरून सोडत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे 'रीपॅक' या नावाने ओळखली जाणारी पहिली शर्यत झाली. नावामागची कथा मोठी बोलकी आहे. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या हबमध्ये असत. उतारावर ते इतके तापत, की आतले ग्रीस वितळून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. याच मंडळींतून चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ अशी नावे पुढे आली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने 'स्टम्पजम्पर' बाजारात आणली आणि तोवर हाताने घडवल्या जाणाऱ्या या सायकली कारखान्यातून बाहेर पडू लागल्या.

त्या काळी सायकलला स्प्रिंग नव्हती. धक्के शोषण्याचे काम टायर आणि गुडघे करीत. १९८९ मध्ये 'रॉकशॉक्स' कंपनीचा धक्के शोषणारा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, आला आणि चित्र पालटले. पुढे मागच्या चाकालाही स्प्रिंग देण्याची चढाओढ लागली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्थापन झालेली सांताक्रूझ ही कंपनी नेमकी याच लाटेवर उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी रॉब रॉस्कॉप हे मूळचे नामवंत स्केटबोर्डपटू. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइक शर्यतीचा समावेश झाला, तोवर हा खेळ काही वेड्यांचा छंद उरला नव्हता. त्याचे उद्योगात रूपांतर झाले होते.

मागच्या चाकाचे कोडे

पुढचा फोर्क समजायला सोपा असतो. एका नळीत दुसरी नळी, आत हवा किंवा स्प्रिंग आणि गती आवरण्यासाठी तेल. मागच्या चाकाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ते चाक केवळ फिरत नाही, तर चेनने ओढलेही जाते. सायकलस्वार पॅडलवर जोर देतो तेव्हा त्याचे वजन मागे सरकते, शॉक दबतो, आणि जोर कमी होताच पुन्हा उसळतो. परिणामी चढावर सायकल बेडकासारखी उड्या मारू लागते आणि पायांची बरीच शक्ती पुढे जाण्याऐवजी हवा दाबण्यात खर्च होते. हे टाळायचे तर चेनच्या ओढीचाच उपयोग करून घ्यावा लागतो. सांध्यांची रचना अशी करता येते, की चेन ताणली गेली की मागचे चाक किंचित खाली ढकलले जाईल आणि वजन मागे सरकल्याने होणारा दाब त्यातून फिटेल. ही भरपाई किती होते यालाच तंत्रज्ञ 'अँटी-स्क्वॉट' म्हणतात.

मात्र ही भरपाई फुकट मिळत नाही. ती अधिक ठेवली तर चाक दगडावर आदळून वर जाताना चेन उलट दिशेने खेचली जाते आणि तो झटका पॅडलमधून तळपायाला जाणवतो. कमी ठेवली तर दगडांवर चाक मोकळेपणाने हलते, पण चढावर सायकल डुलते. तिसरा घटक ब्रेकचा. ब्रेक दाबताच चाक थांबवणारे बल सांध्यांमधून फ्रेमवर येते. रचना अनुकूल नसेल तर नेमक्या त्याच क्षणी सस्पेन्शन आखडते आणि चाक जमिनीवरून उड्या घेऊ लागते. चढ, दगड आणि ब्रेक या तिन्ही प्रसंगांत समाधान देणारी रचना शोधणे, हाच या उद्योगाचा गेल्या तीन दशकांचा खटाटोप आहे. आपल्या दोन सायकलींची उत्तरे येथेच वेगळी होतात.

दोन रचना, दोन स्वभाव

स्टम्पजम्परच्या मागच्या भागात 'हॉर्स्ट लिंक' नावाची रचना आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले मोटरसायकल अभियंता हॉर्स्ट लाइटनर यांनी ती विकसित केली आणि १९९८ मध्ये तिचे पेटंट स्पेशलाइज्डने विकत घेतले. साध्या रचनेत चाकाचा आस फ्रेमला थेट जोडलेल्या खालच्या दांड्यावर असतो. हॉर्स्ट लिंकमध्ये चाकाच्या अलीकडे, आसाच्या किंचित खाली आणखी एक सांधा दिलेला असतो. त्यामुळे चाक आणि ब्रेक दोन्ही वरच्या दांड्यावर राहतात आणि हा दांडा फ्रेमला थेट जोडलेला नसतो. चार दांड्यांची ही जोडणी ब्रेक दाबल्यावरही बरीचशी मोकळी राहते. अनेक वर्षे या पेटंटमुळे अमेरिकेत विक्री करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना परवाना तरी घ्यावा लागे किंवा दुसरी वाट शोधावी लागे. २०१३ मध्ये पेटंटची मुदत संपल्यानंतर ही रचना अनेक कंपन्यांच्या सायकलींत दिसू लागली.

दुसरी वाट सांताक्रूझने शोधली. 'आऊटलँड' या छोट्या कंपनीची 'व्हर्च्युअल पिव्हट पॉइंट', म्हणजेच व्हीपीपी ही कल्पना तिने २००० च्या दशकाच्या प्रारंभी स्वीकारली. येथे मागचा सारा त्रिकोण एकसंध असतो आणि तो पुढच्या फ्रेमला दोन आखूड दुव्यांनी जोडलेला असतो. हे दुवे परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. परिणामी चाक प्रत्यक्ष सांध्याभोवती न फिरता अवकाशातील एका काल्पनिक बिंदूभोवती फिरल्यासारखे वर-खाली होते आणि तो बिंदू चाकाच्या प्रवासाबरोबर जागा बदलतो. तसा बिंदू हॉर्स्ट लिंकमध्येही असतोच. परंतु दुवे आखूड असल्याने व्हीपीपीमध्ये तो अधिक वेगाने सरकवता येतो. त्यामुळे प्रवासाच्या सुरुवातीला चेनचा आधार अधिक आणि पुढे कमी, अशी आखणी शक्य होते.

या भेदातून सायकलस्वारांमध्ये दोन समजुती रूढ झाल्या. व्हीपीपी चढावर खंबीर, हॉर्स्ट लिंक उतारावर मऊ. त्यांत तथ्य होते, आजही थोडेफार आहे. परंतु दोन्ही घराणी एकमेकांच्या दिशेने सरकली आहेत, ही गोष्ट खरेदीदाराने विसरता कामा नये. सांताक्रूझने आपल्या अलीकडच्या सायकलींत चेनचा आधार कमी करून दगडांवरील मऊपणा वाढवला, तर स्पेशलाइज्डने आपल्या सायकलींना चढावर अधिक आधार दिला. दहा वर्षांपूर्वीच्या चर्चांवर विसंबून आजची सायकल निवडणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

२०२४ ची जोडी

योगायोगाने दोन्ही सायकलींच्या नव्या पिढ्या २०२४ मध्येच सादर झाल्या. स्टम्पजम्परच्या पंधराव्या आवृत्तीत मागच्या चाकाला १४५ मिलिमीटर आणि बहुतेक प्रकारांत पुढे १५० मिलिमीटर हालचाल मिळते. हायटॉवरच्या चौथ्या आवृत्तीत हे आकडे मागे १५० आणि पुढे १६० असे आहेत. एकूण अंतर पाच-दहा मिलिमीटरचे, म्हणजे बोटाच्या पेराहूनही कमी. केवळ या आकड्यांवरून कौल देणे योग्य नाही.

स्टम्पजम्परचे खरे वैशिष्ट्य तिच्या शॉकमध्ये आहे. 'फॉक्स' कंपनीच्या सहकार्याने तयार केलेल्या 'जीनी' नावाच्या या शॉकमध्ये हवेच्या मुख्य कप्प्याभोवती आणखी एक कप्पा आहे. प्रवासाच्या पहिल्या सुमारे ७० टक्के भागात दोन्ही कप्पे एकत्र काम करतात. हवा अधिक, म्हणून हालचाल मऊ आणि एकसारखी. त्यापुढे बाहेरच्या कप्प्याची वाट बंद होते, हवेचे आकारमान एकदम घटते आणि शॉक झपाट्याने कडक होतो. त्यामुळे लहान खडे सहज गिळले जातात आणि मोठ्या उडीनंतर शॉक तळाला आपटत नाही. हा खास शॉक नको असेल तर प्रमाणित मापाचा दुसरा शॉक या फ्रेममध्ये बसवता येतो, ही दिलाशाची बाब.

हायटॉवरने अशी कोणतीही चतुराई केलेली नाही. तिचा शॉक खालच्या दुव्याने चालतो आणि प्रवास जसा वाढतो तसा दुव्यांच्या भूमितीमुळेच प्रतिकार क्रमाने वाढत जातो. शॉक बाजारातला नेहमीचा असल्याने तो कुठल्याही जाणकार दुरुस्तीगाराकडे उघडता येतो. म्हणजे एकीने युक्ती शॉकमध्ये ठेवली, दुसरीने सांध्यांत.

कोन आणि लांबी

सायकलच्या स्वभावावर सस्पेन्शनइतकाच किंबहुना त्याहून अधिक परिणाम फ्रेमच्या मापांचा होतो. हँडलखालच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन जितका कमी, तितके पुढचे चाक स्वारापासून दूर जाते आणि तीव्र उतारावर सायकल स्थिर राहते; पण सपाटीवर व अरुंद वळणांवर ती जडही वाटते. दोन्ही सायकलींत हा कोन ६४ अंशांच्या आसपास आहे. स्टम्पजम्परमध्ये वरच्या बेअरिंगच्या वाट्या बदलून तो सुमारे एका अंशाने कमी-जास्त करता येतो. हायटॉवरमधील बदलाची सोय त्या मानाने मर्यादित आहे. यंत्राशी खेळायची आवड असणाऱ्याला पहिली भावेल. एकदा नीट बसवून चालवत राहणाऱ्याला दुसरी.

मापांच्या बाबतीत एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी सीटखालच्या नळीच्या लांबीवरून सायकलचे माप ठरे. आता या नळ्या आखूड ठेवल्या जातात आणि सीट बटण दाबून खाली-वर करता येते. त्यामुळे महत्त्वाचे ठरते ते पॅडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, ज्याला 'रीच' म्हणतात. स्पेशलाइज्डने तर लहान-मध्यम-मोठे ही विभागणी सोडून एस-१ ते एस-६ अशी मापे ठेवली आहेत. एकाच उंचीचा माणूस चपळ सायकल हवी असल्यास लहान आणि वेगात स्थैर्य हवे असल्यास मोठे माप घेऊ शकतो. सांताक्रूझ मोठ्या मापांना मागचे दांडेही प्रमाणात लांब देते, जेणेकरून उंच स्वाराचे वजन मागच्या चाकावर फार सरकू नये. सरासरीहून बऱ्याच उंच वा ठेंगण्या व्यक्तीला या बाबी शॉकच्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

हवेचा हिशेब

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. दोन उत्तम सायकलींमधला फरक हा एकाच सायकलच्या योग्य आणि अयोग्य जुळणीतील फरकापेक्षा लहान असतो. स्वार सायकलवर बसला की त्याच्या वजनाने शॉक थोडा दबला पाहिजे. याला 'सॅग' म्हणतात आणि अशा सायकलींत तो मागे साधारण २५ ते ३० टक्के ठेवला जातो. समजा शॉकच्या दांड्याची हालचाल ६० मिलिमीटर आहे; तर स्वार बसल्यावर दांड्यावरची रबरी कडी १५ ते १८ मिलिमीटर सरकायला हवी. चाकाची हालचाल १५० मिलिमीटर असेल तर दांडा एक मिलिमीटर दबताना चाक सरासरी अडीच मिलिमीटर वर जाते. म्हणजे कडी तीन मिलिमीटर चुकली तर चाकाची पातळी साडेसात मिलिमीटरने चुकते. दोन सायकलींच्या माहितीपत्रकांतील मागच्या चाकाच्या पाच मिलिमीटरच्या फरकाहून ही चूक मोठी आहे आणि ती सुधारायला लागतो केवळ एक हातपंप.

म्हणूनच दोन्ही सायकली चालवून पाहताना आधी दोघींचा सॅग सारखा करून घ्यावा, टायरमधील हवा सारखी ठेवावी आणि एकाच वाटेवर दोघींना न्यावे. दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर मारलेल्या चकरांतून काही कळत नाही. वाटेत एक दमछाक करणारा चढ, एक दगडांचा पट्टा आणि ब्रेक दाबत उतरावे लागेल असा एक तीव्र उतार असावा. चढावर शॉकचा अटकाव न लावता सायकल किती डुलते, दगडांवर पॅडलमधून झटका येतो का, आणि ब्रेक दाबल्यावर मागचे चाक जमीन सोडते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मा निर्णय झाला असे समजावे. नावाजलेल्या दुकानांतून अशा सायकली दिवसभरासाठी भाड्याने मिळतात. ते भाडे वाया गेले असे मानू नये.

पैसा कुठे घालावा

एकाच नावाच्या सायकलीच्या स्वस्त आणि महाग आवृत्त्यांमध्ये दुपटीचा फरक असू शकतो. सांताक्रूझ आपल्या कार्बन फ्रेम 'सी' आणि 'सीसी' अशा दोन दर्जांत बनवते. मजबुती सारखीच, 'सी' सुमारे पाव किलो जड, आणि बरीच स्वस्त. जवळपास १४-१५ किलोच्या सायकलीत पाव किलो म्हणजे पाण्याच्या अर्ध्या बाटलीपेक्षाही कमी वजन. वाचलेल्या पैशांतून चांगले ब्रेक, दणकट टायर आणि दोन-तीन वर्षांची देखभाल होते. शर्यतीत न उतरणाऱ्याने सर्वांत महाग आवृत्तीचा हट्ट धरण्यात फारसे हशील नाही.

आणखी एक मुद्दा गिअरचा. २०२४ मध्ये आलेल्या स्टम्पजम्परच्या कार्बन फ्रेममध्ये गिअरच्या तारेसाठी वाटच ठेवलेली नाही. तिला बॅटरीवर चालणारे बिनतारी गिअरच लावावे लागतात. त्यांचे काम चोख असते, परंतु बॅटरी भारित ठेवण्याची शिस्त हवी आणि पडझडीत गिअर तुटला तर भुर्दंड मोठा. तारेचे साधे गिअर हवे असतील तर हायटॉवर किंवा स्टम्पजम्परची अ‍ॅल्युमिनियम आवृत्ती हाच मार्ग उरतो. कारखान्यातून आलेल्या पहिल्या गिअरसंचापेक्षा चौथ्या वर्षी बदलाव्या लागणाऱ्या संचाचा विचार येथे करायला हवा.

देखभालीचा खर्च तर अनेकांच्या गणितात नसतोच. रॉकशॉक्सच्या बहुतेक फोर्कच्या खालच्या नळ्यांतील तेल ५० तासांच्या वापरानंतर बदलावे लागते आणि २०० तासांनी संपूर्ण जुळणी उघडावी लागते. फॉक्सची शिफारस १२५ तास किंवा वर्षातून एकदा अशी आहे. दर आठवड्याला चार तास सायकल चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांतच भरतात. दोन्ही कंपन्या मूळ खरेदीदाराला फ्रेमची आजीवन हमी देतात. सांताक्रूझ सांध्यांची बेअरिंगही मूळ मालकाला आयुष्यभर विनामूल्य देते. तिच्या खालच्या दुव्यावर ग्रीस भरण्याची सोयही असते. चिखलात सायकल घालणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे, कारण हा दुवा चाकाने उडवलेल्या चिखलाच्या थेट माऱ्यात असतो. सेकंडहँड सायकल घेणाऱ्याला मात्र मूळ खरेदीदाराचे लाभ तसेच्या तसे मिळत नाहीत, हे सौदा करताना लक्षात ठेवावे.

यापैकी एखादी सायकल परदेशातून पुण्या-मुंबईला आणण्याचा बेत असेल तर हमी कोणत्या देशात आणि कोणामार्फत मिळेल, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. सह्याद्रीतील पावसाळी चिखल आणि कातळाचे तीक्ष्ण दगड कॅलिफोर्नियाच्या कोरड्या, धुळीच्या वाटांहून फार वेगळे आहेत. तिथे शॉकच्या खास रचनेपेक्षा सुटे भाग आणि जाणकार हात जवळ असणे अधिक महत्त्वाचे ठरते. गिअर जोडण्याचा धातूचा तुकडा, जो पडझडीत हमखास वाकतो, तो दोन्ही सायकलींत एकाच सार्वत्रिक मापाचा आहे. असा एखादा तुकडा सामानात बाळगणे शहाणपणाचे.

मग कोणती घ्यावी?

ज्याच्या वाटा वळणावळणाच्या, चढ-उतार सतत बदलणाऱ्या आहेत, ज्याला मऊ तरीही तळाला न आपटणारी चाल हवी आहे आणि कोन-मापे बदलून पाहण्यात रस आहे, त्याने स्टम्पजम्परकडे झुकावे. ज्याच्या वाटा अधिक तीव्र आणि वेगाच्या आहेत, ज्याला साधा शॉक, तारेचे गिअर आणि फुकट मिळणारी बेअरिंग यांचे मोल वाटते, त्याने हायटॉवरकडे. दोन्हींत मन अडकले असेल तर ज्या दुकानाचा कारागीर अधिक जाणकार आणि घराजवळ आहे त्या दुकानाची सायकल घ्यावी. पहिल्या वर्षी सॅग तपासणे, तेल बदलणे आणि सैल झालेले बोल्ट आवळणे यासाठी तिथेच वारंवार जावे लागणार असते. आणि दोन्ही सायकली खिशाला फारच जड वाटत असतील, तर स्वस्त आवृत्ती घेऊन उरलेल्या पैशांत उत्तम हेल्मेट, गुडघ्यांची संरक्षक आवरणे आणि एखाद्या प्रशिक्षकाचे दोन-तीन तास विकत घ्यावेत. रीपॅकच्या उतारावर जुन्या सायकलींनिशी उतरलेल्या तरुणांकडे यातले काहीच नव्हते. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस भरायची सवय मात्र त्यांना होती आणि आजच्या दहा हजार डॉलरच्या सायकलीलाही तीच लागते.